फुटाळ्यावर जाताना पाण्याची बाटली कुणाकडे?

यंदा जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही वस्तीतले एकोणीस जण फुटाळ्यावर जाऊन आलो. सात बाया, तीन पुरुष आणि नऊ लेकरे. फुटाळा म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतून ऑटोने गेले तर फार लांबची वाट नाही. तरी या सहलीची तयारी तीन आठवडे चालली होती. आणि ती तयारी डब्याची नव्हती.

त्याचे कारण आमच्या गल्लीतली अकरा वर्षांची एक मुलगी. तिचे नाव इथे देत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना ती माहीत आहे, बाहेरच्यांना माहीत असायची गरज नाही.

मागच्या ऑगस्टमध्येही आम्ही तिथेच गेलो होतो. ढगाळ दिवस होता, लेकरे खुशीत होती. दुपारी पाऊस आला. आडोशाला जायचे सोडून सगळी पोरे पाळीवर नाचली, भिजली, वरून बर्फाचा गोळा खाल्ला आणि ओल्या कपड्यांनीच दोन तास फिरली. आम्ही मोठ्यांनीही हसून पाहिले. बाकीच्या आठ लेकरांना काही झाले नाही. या मुलीला रात्री एक वाजता पाय दुखायला लागले, मग हात, मग पाठ. ती नुसती रडत नव्हती, किंचाळत होती. सकाळी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे वाढीच्या वयातले दुखणे म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा सरकारी रुग्णालय गाठले. रक्त तपासले. सिकलसेल, एसएस.

तिच्या आईला मग सगळे एकेक करून आठवले. वर्षाची असताना पोरीच्या हातापायाची बोटे सुजायची. नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळून टाकली होती. शाळेत ती लवकर दमायची, तर बाई म्हणायच्या, पोरगी आळशी आहे. रात्री अंथरूण ओले व्हायचे, त्यासाठी मार खायची. हे सगळे सिकलसेलमध्ये होते, हे त्या माउलीला दहा वर्षांत कुणी सांगितले नव्हते. आम्हालाही माहीत नव्हते, हे कबूल करतो.

म्हणून यंदा फुटाळ्याचे नाव निघाले तेव्हा विहारात दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, "बापा, तिले घरीच ठेवा. मागच्या खेपेचं पाह्यलं ना काय झालं ते!" त्यांचे चुकत होते असे नाही, त्यांच्या पोटात भीती होती. पण ती मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने एवढेच विचारले, "मावशी, यंदा मले नाही नेणार का?"

आम्ही डॉक्टरांना विचारायला गेलो. रुग्णालयातल्या सिकलसेल तपासणीच्या दिवशी तिची आई जातेच, त्या दिवशी आमच्यातल्या दोघी सोबत गेल्या. डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते. मुलीला न्या, फिरू द्या, खेळू द्या. फक्त तिला तहान, थंडी आणि दमछाक यांपासून जपा. घरात कोंडून ठेवणे हा काही सिकलसेलचा उपचार नाही.

हे तीन शत्रू का, ते समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल, मऊ असतात. बारीक नळीतूनही त्या दबून, वाकून पार होतात. एसएस असलेल्या माणसाच्या पेशीत जे हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू कमी पडला किंवा अंगातले पाणी घटले की गोठल्यासारखे होते आणि पेशी विळ्याच्या आकाराची, ताठ होते. धान कापायचा विळा डोळ्यापुढे आणा. असे विळे बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि जिथे रक्त जात नाही तिथे जीवघेणी कळ उठते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून थंडीत अडकणे जास्त. अंगात पाणी कमी असेल तर रक्त दाट, म्हणूनही जास्त. बेदम धावल्याने प्राणवायू कमी पडतो, तेही कारण. पोरगी पावसात भिजली, वाऱ्यात उभी राहिली, गोळा खाल्ला आणि दिवसभर पाणी प्यायली नाही. तिन्ही गोष्टी आम्ही एकाच दुपारी करून ठेवल्या होत्या.

पाणी का प्यायली नाही, हे तर ऐकण्यासारखे आहे. तिनेच नंतर सांगितले: तिथे लघवीला कुठे जायचे ते माहीत नव्हते, म्हणून तिने पिणेच टाळले. बायांनो, हे आपण सगळ्याच करतो. बाजारात जायचे, मोर्चाला जायचे, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जायचे, तर सकाळपासून घोटभर चहावर राहायचे. तुमच्या आमच्या तब्येतीलाही ते वाईटच, पण एसएसच्या मुलीला ते थेट दवाखान्यात नेणारे आहे. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. त्यामुळे पाणी कमी प्याले तरी लघवी व्हायची तेवढी होतेच आणि अंग कोरडे पडत जाते. अंथरूण ओले होण्याचे कारणही तेच होते. त्या पोरीने खाल्लेला मार आठवला की अजून आमच्या जिवाला लागते.

तर यंदा गेल्यावर आम्ही पहिले काम केले ते शौचालय शोधण्याचे. ऑटोतून उतरलो, तळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आधी दोघी जणी शौचालय कुठे आहे, उघडे आहे का, नळाला पाणी आहे का, ते पाहून आल्या. मग ते सगळ्या मुलींना दाखवले. ज्या सहलीत बाया-मुली आहेत, तिथे हे काम डबा उघडण्याच्या आधीचे आहे.

आता थोडे तळ्याबद्दल. नागपूर हे तळ्यांचे शहर आहे हे आपण विसरत चाललो. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, शुक्रवारी तलाव म्हणजेच गांधीसागर, आणि आपल्या वस्त्यांच्या कुशीतले नाईक तलाव, लेंडी तलाव. यातल्या काहींची अवस्था पाहवत नाही. फुटाळा भोसल्यांच्या राजवटीतला, दोनशे वर्षांहून जुना. त्याला तेलंगखेडीचा तलावही म्हणतात. पाणी अडवायला एका अंगाने पाळ घातली आहे, तिच्यावरून रस्ता जातो. दुसऱ्या अंगांना कृषी महाविद्यालयाची शेती आणि सेमिनरी हिल्सकडची झाडी आहे. या तळ्याच्या पाण्यावर शेती भिजायची. पाळीच्या खाली तेलंगखेडीची बाग. पाळीवर उभे राहिले की सूर्य पाण्यापलीकडे बुडताना दिसतो, म्हणून अख्खे नागपूर संध्याकाळी तिथे लोटते. भुट्टे, चणे, गुपचुप, चहा, सगळे मिळते. तळ्यात कारंज्यांचा मोठा प्रकल्पही उभा केला, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आम्हाला विचाराल तर तळ्यात कारंजे नसते तरी चालले असते, पाळीवर बसायला चार बाक आणखी हवे होते. म्हाताऱ्या माणसांना गुडघे घेऊन कठड्यावर चढता येत नाही.

तळे म्हटले की आपल्या माणसाला आधी चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले आणि आपल्या लोकांनी त्यासाठी मार खाल्ला. सार्वजनिक तळ्यावर जाऊन बसणे ही आपल्यासाठी नुसती करमणूक नाही, हे लेकरांना सांगावे. आम्ही सांगितले. पण त्याच बैठकीत हेही सांगितले की फुटाळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायचे नाही. शहरातल्या तळ्यांचे पाणी आता पिण्याचे राहिलेले नाही. तोंड धुणे, चूळ भरणे, फळ धुणे, काहीही नको. एसएसच्या लेकराची पांथरी लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो आणि जोरात होतो. जे पाणी पिऊन दुसऱ्याला दोन दिवस जुलाब होतील, त्याने याला भरती व्हावे लागू शकते. जुलाबाने अंगातले पाणी घटते ते वेगळेच.

म्हणून पाणी घरून नेले. उकळून गार केलेले. इथे आमच्यात मतभेद झाला, कारण एकोणीस माणसांचे पाणी वाहायचे कुणी? शेवटी असे ठरले की प्रत्येकाने आपली बाटली आणायची, आणि मुलीची बाटली एका ठरलेल्या माणसाकडे राहील. तिच्या मोठ्या वडिलांनी हे काम अंगावर घेतले. त्यांच्याकडे घड्याळ, दोन बाटल्या आणि एक थर्मास. दर अर्ध्या तासाला ते तिच्याजवळ जाऊन उभे राहायचे. ती लपाछपीत असली तरी. "आधी दोन घोट, मग खेळ." चौथ्या वेळेला ती चिडली, तर बाकीच्या लेकरांनीही आपापल्या बाटल्या काढल्या आणि सगळेच प्याले. मग तो खेळच झाला. तहान लागल्यावर प्यायचे असे नाही. तहान लागली म्हणजे उशीर झाला, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

वेळही आम्ही बदलली. सकाळी सहाला फिरायला जाणाऱ्यांचा फुटाळा वेगळा आणि आपला वेगळा. नागपुरात जानेवारीत पारा कधी कधी दहाच्या खाली उतरतो, आणि तळ्यावरचा वारा बोचरा असतो. आम्ही दहा वाजता निघालो, ऊन अंगावर घेत बसलो. उन्हाळ्यात याच्या उलटे करावे लागते. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी एसएसचे लेकरू बाहेर नकोच. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. आणि पावसाळ्यात कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल पिशवीत असलाच पाहिजे. भिजले तर हरकत नाही, ओले राहायला हरकत आहे.

पिशवीत आणखी काय होते ते सांगतो. तिचे सिकलसेलचे कार्ड आणि रक्ताच्या रिपोर्टची झेरॉक्स. डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी. गरम पाण्याची रबरी पिशवी. सकाळची हायड्रॉक्सीयुरियाची आणि फॉलिक ॲसिडची गोळी तिने घरीच घेतली होती. सहलीच्या गडबडीत ती चुकते, म्हणून हे लिहितो. हायड्रॉक्सीयुरिया हे कळा येण्याचे प्रमाण कमी करणारे औषध आहे, दुखले तर घ्यायचे नाही, रोज घ्यायचे असते, आणि त्यासाठी डॉक्टर मधूनमधून रक्त तपासतात. शेजारणीच्या मुलाला लागू पडले म्हणून उसने घेऊन द्यायचे ते औषध नव्हे.

कळ आलीच तर काय करायचे, हे आम्ही जाण्याआधी दोनदा घोकले. खेळ थांबवून आडवे करायचे, पांघरूण घालायचे, पाणी पाजायचे, दुखऱ्या जागेला कोमट शेक द्यायचा. बर्फ कधीच लावायचा नाही. पाय मुरगळला की आपण बर्फ लावतो, तीच सवय इथे घात करते. गोळी देऊनही दुखणे उतरत नसेल तर दवाखाना. आणि काही खुणा अशा की गोळीची वाट पाहायची नाही, थेट मोठे रुग्णालय गाठायचे: अंगात १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे किंवा धाप, अचानक पांढरेफटक पडणे आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगून टणक लागणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका अंगाची शक्ती जाणे. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येऊन ती दुखत राहणे, हीही तातडीची गोष्ट आहे. पोरे लाजून बापालाही सांगत नाहीत. बापांनी आधीच विचारून ठेवावे.

दवाखान्यात गेल्यावर तोंड उघडून "पेशंट सिकलसेल एसएस आहे" हे पहिले वाक्य बोला. मागच्या वेळी आम्हाला ते माहीतच नव्हते, यंदा कार्ड गळ्यात घातल्यासारखे जपले.

आता ज्या वाचकांच्या घरी असे दुखणे नाही, त्यांनीही पान उलटू नये. मुलीचे निदान झाल्यावर गल्लीतल्या बऱ्याच घरांनी रक्त तपासून घेतले, आणि काही घरांत एएस निघाले. एएस म्हणजे वाहक. तो आजारी नसतो, नेहमीचे आयुष्य जगतो, फक्त रखरखत्या उन्हात पाणी न पिता शरीर तोडून घेऊ नये, एवढीच काळजी. सैन्य-पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावे. पण दोघे नवरा-बायको एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले लेकरू चांगले निघाले म्हणून दुसरेही चांगले निघेल, असे हे गणित नाही. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. आमच्या मुलीचा मोठा भाऊ तपासला, तो एएस आहे. आईबाप दोघेही एएस. लग्नाच्या वेळी दोघांच्या पत्रिका कुणी पाहिल्या नाहीत, आपण पाहतही नाही, ते बरेच. पण रक्तही कुणी पाहिले नाही.

पहिली साधी तपासणी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होते. त्यात दोष दिसला की दुसरी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करून एएस की एसएस ते ठरते. सरकारी रुग्णालयात आणि आरोग्य केंद्रात याची विचारणा करा. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू केले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरवली आहे. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असायलाच हवा. पण विदर्भात हा आजार आपल्या समाजातही आहे, हे काही आजचे नाही. १९५८ साली, धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, शुक्ला आणि सोळंकी या नागपुरातल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते. एवढ्या वर्षांनंतरही आमच्या गल्लीत पोरीला नजर लागते, याला काय म्हणावे!

आणि हा कुणाच्या कर्माचा किंवा जातीचा आजार नव्हे. जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाचा जोर होता, तिथे हा जीन टिकला, कारण एएस माणूस हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यातून जास्त वाचतो. आपले पूर्वज ज्याच्यामुळे तगले, त्याचीच ही दुसरी बाजू. हे कळले की लपवाछपवी कमी होईल. मुलीचे लग्न मोडेल म्हणून रिपोर्ट पेटीत ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यापेक्षा मुलगा आणि मुलगी दोघांचेही रिपोर्ट बैठकीत मांडावे. फक्त मुलीचाच मागतात, तिथे आम्ही तरी मध्यस्थी करणार नाही.

सहलीकडे परत येतो. दुपारी जेवणे झाली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, आणि मुलीसाठी घरचे ताक. उघड्यावरचे गुपचुप कुणी खायचे नाही असे ठरले होते, तो नियम आमच्यातल्या दोन मोठ्या माणसांनीच मोडला. त्यांची नावे आम्हाला माहीत आहेत. मधुमेहाच्या एक आजी पाळीवर चक्कर आल्यासारखे वाटून बसल्या, त्यांनी सकाळची गोळी घेऊन जेवायला उशीर केला होता. खिशातली साखरेची पुडी लगेच खाल्ली, बरे वाटले. ती पुडी त्यांच्या सुनेने ठेवली होती. दुपारभर आम्ही मुलांना घेऊन काठावरचे प्लॅस्टिकचे कप आणि नारळाच्या कवट्या उपड्या केल्या, कारण डेंगीचा डास तळ्याच्या पाण्यात कमी आणि अशा कपातल्या साचल्या पाण्यातच जास्त वाढतो. पंधरा मिनिटांत पोरांना कंटाळा आला, तेव्हा सोडून दिले.

साडेचारला आम्ही निघायचे ठरवले होते. मुलीने सूर्य बुडताना पाहायचा हट्ट धरला. मागच्या वेळी पावसाने दिसला नव्हता. मोठ्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. वारा सुटला होता. "नाही म्हणा," एक जण कुजबुजली. तिच्या आईने काही न बोलता पिशवीतून स्वेटर काढला, त्यावर शाल, कानाला रुमाल, पायात मोजे. मोठ्या वडिलांनी थर्मास उघडून कोमट पाणी ओतले. रबरी पिशवी चहावाल्याकडून गरम पाणी घेऊन भरली आणि तिच्या मांडीवर ठेवली. त्याने पैसे घेतले नाहीत.

मग सगळे तिथेच पाळीवर ओळीने बसलो. बगळे झाडीकडे परत चालले होते. सूर्य पाण्यापलीकडे गेला तेव्हा ती शालीतून नाक बाहेर काढून पाहत होती, आणि तिची आई तिच्याकडे पाहत होती.

परतीच्या वाटेवर तिच्यासाठी ऑटो दोनदा थांबवावा लागला. रात्री दहाला आम्ही तिच्या घरी चौकशीला गेलो, तर ती झोपली होती. सकाळी शाळेत गेली.